विज्ञानकथेला वेळ कोण देते?

मराठी विज्ञानकथेचा विषय निघाला की एक किस्सा हमखास सांगितला जातो. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. स्वतःची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी हे टोपणनाव घेतले होते. परिषदेतल्या मंडळींना आपले अक्षर ओळखू येईल म्हणून कथेची प्रत त्यांनी पत्नी मंगला यांच्याकडून लिहून घेतली होती. त्यांच्या कथालेखनाची सुरुवातही अशीच गमतीची. अहमदाबादच्या एका परिषदेत कंटाळवाणे भाषण चालले होते, तेव्हा समोरच्या कागदावर त्यांनी गोष्ट लिहायला घेतली. हे ऐकून आपण एका मोठ्या शास्त्रज्ञाच्या मिश्कीलपणाला दाद देतो आणि पुढे जातो. पण जरा थांबून पाहिले तर विज्ञानकथा कशी लिहून होते याचा सगळा हिशोब या किश्श्यात सापडतो. पोट भरणारी नोकरी आहे, त्या नोकरीत कोणी विचारणार नाही अशी एक दुपार आहे आणि घरी प्रत लिहून देणारे दुसरे माणूस आहे. हे दुसरे माणूस स्वतः गणितज्ञ होते आणि त्यांची पीएचडी लग्नानंतर सुमारे पंधरा वर्षांनी, १९८१ साली पूर्ण झाली, हे मात्र किस्सा सांगताना सहसा कोणी सांगत नाही.

लेखक म्हटला की नोकरी आणि संसार हे त्याचे दोन शत्रू, असे आपल्याकडे गृहीत धरलेले असते. निवृत्तीनंतर लिहीन म्हणणारे घरोघरी भेटतात, आणि नोकरीवर लाथ मारून लेखणीवर जगणाऱ्याचे गोडवे तर आपण गातोच. विज्ञानकथा, अद्भुतकथा, भविष्यातल्या किंवा दुसऱ्याच एखाद्या जगाची कथा लिहिणाऱ्याच्या बाबतीत हे गृहीतक मला चुकीचे वाटते. या लेखकाला नोकरी हवी असते आणि घरही हवे असते, कारण त्याचा कच्चा माल तिथूनच येतो. त्याच्याकडे नसतो तो वेळ. तो आजवर कोणी दिला, कोणाच्या वाट्यातून दिला आणि आता तो का मिळेनासा झाला आहे, हे प्रश्न आपण टाळतो. मराठी विज्ञानकथेची आजची कृश तब्येत समजून घ्यायची तर प्रतिभेच्या दुष्काळाची चर्चा बाजूला ठेवून या प्रश्नांकडे यावे लागेल.

आधी नोकरीचे पाहू. चिनी लेखक लिऊ त्सशिन हे शान्शी प्रांतातल्या न्यांगझ्‌ग्वान इथल्या वीजनिर्मिती केंद्रात संगणक अभियंता होते. केंद्र आडबाजूला, काम बेताचे, पण जागेवरून उठायची सोय नाही. मग त्यांनी कचेरीतल्या संगणकावर, पगारी वेळेत कथा-कादंबऱ्या लिहिल्या आणि हे मुलाखतींतून मोकळेपणाने सांगितलेही. ‘थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ ही त्यांची कादंबरी २००६ साली मासिकातून क्रमशः आली आणि तिच्या इंग्रजी अनुवादाला २०१५ साली ह्यूगो पुरस्कार मिळाला. आशियाई लेखकाच्या कादंबरीला हा पुरस्कार पहिल्यांदाच मिळत होता. या कादंबरीतला डोंगरावरचा गुप्त तळ, तिथली अवजड यंत्रे, वरून येणारे हुकूम आणि वर्षानुवर्षे एकाच उपकरणापुढे बसणारी माणसे वाचताना, हे लिहिणाऱ्याने अशी जागा आतून पाहिली आहे हे जाणवत राहते. अमेरिकेतले जीन वुल्फ हे प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत अभियंता होते. प्रिंगल्स नावाच्या बटाट्याच्या वेफर्सचे पीठ शिजवणारे यंत्र विकसित करण्यात त्यांचा हात होता. पुढे त्यांनी कारखान्यांच्या अभियांत्रिकीला वाहिलेल्या एका मासिकात संपादकाची नोकरी केली, आणि ‘द बुक ऑफ द न्यू सन’ ही त्यांची सर्वांत गाजलेली कादंबरीमाला ती नोकरी चालू असतानाच लिहून झाली. टेड चियांग सॉफ्टवेअर क्षेत्रात तांत्रिक लेखनाचे काम करत. १९९० साली त्यांची पहिली कथा आली. त्यानंतरच्या तीस वर्षांत त्यांच्या जेमतेम वीसेक कथा आल्या असतील, पण त्यांतल्या एकीवर ‘अरायव्हल’ चित्रपट निघाला आणि आजच्या विज्ञानकथेत त्यांच्याइतका मान फार थोड्यांना आहे.

ऑक्टेव्हिया बटलर यांचे उदाहरण आणखी बोलके आहे. गरीब घरातली ही कृष्णवर्णीय अमेरिकन बाई मिळेल ती हंगामी कामे करायची. भांडी घासली, फोनवरून माल विकला, कारखान्याच्या पट्ट्यावरून सरकणारे बटाट्याचे वेफर्स तपासत उभी राहिली. डोक्याला ताण देणारी नोकरी तिने मुद्दाम टाळली आणि पहाटे दोनला उठून लिहिले. १९७९ सालच्या ‘किंड्रेड’ या तिच्या कादंबरीची नायिकाही लेखिकाच आहे आणि तीही हंगामी कामगार पुरवणाऱ्या संस्थेमार्फत पोटापुरते कमावते. काळ ओलांडून ती थेट गुलामगिरीच्या दिवसांत जाऊन पडते, तेव्हा दुसऱ्याच्या हुकमाखाली राबणे म्हणजे काय हे लेखिकेला ग्रंथालयातूनच समजले असे वाटत नाही. विज्ञानकथा ही मुळात व्यवस्थांची कथा असते. एखादे यंत्र, नियम किंवा शोध जगात आला तर कोणाचे काय होईल, हा तिचा प्रश्न. व्यवस्था आतून कशा चालतात, कुठे अडतात, फाइल कोणाच्या टेबलावर पडून राहते आणि बटण दाबायचा अधिकार नेमका कोणाकडे असतो, हे नोकरी करणाऱ्याला माहीत असते. मराठीतही असेच दिसते. नारळीकर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते, बाळ फोंडके भाभा अणुसंशोधन केंद्रात, सुबोध जावडेकर रासायनिक अभियंते आणि ‘विप्लवा’ लिहिणारे अरुण साधू पत्रकार. नारळीकरांच्या कथांतल्या समित्या, मंत्रालये आणि शास्त्रज्ञांमधले हेवेदावे खरे वाटतात, कारण लेखक त्यांच्यात वावरलेला आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. ही यादी तगलेल्यांची आहे. वीज केंद्रात बसून लिहिणारा एक लिऊ आपल्याला दिसतो. तसल्याच केंद्रांतून ज्यांची पहिली कथा पाचव्या पानावर थांबली त्यांची नावे कोणी लिहून ठेवत नाही. यशस्वी माणसांकडे बोट दाखवून ‘बघा, नोकरी सांभाळूनही जमते’ म्हणणे म्हणजे न जमलेल्यांच्या माथी आळशीपणा मारणे. हे मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच नोकरीने लेखक घडतो असा माझा दावा नाही. नोकरीने साहित्य मिळते, एवढेच मी म्हणतो. त्या साहित्याचे लेखन व्हायला दुसरे काहीतरी लागते आणि तगलेल्यांच्या चरित्रांतून ते स्पष्ट दिसते. लिऊंना रिकामी पण पगारी दुपार मिळाली. बटलर यांनी झोप दिली, आणि १९९५ साली मॅकआर्थर प्रतिष्ठानची २,९५,००० डॉलरची पाठ्यवृत्ती मिळेपर्यंत तिची भरपाई कोणी केली नाही. त्यांच्यावर कुटुंबाचा भार नव्हता, हेही ध्यानात घ्यायला हवे. ज्याला रिकामी दुपार नाही, ज्याला झोप विकता येत नाही आणि ज्याच्या घरात म्हातारी माणसे नि लहान मुले आहेत, त्याने वेळ आणायचा कुठून?

आजवर तो बहुतेक वेळा घरातल्या बाईकडून आला. केंद्र सरकारच्या २०१९ सालच्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देताना आढळल्या, तर जे पुरुष घरकाम करतात ते ९७ मिनिटे. त्यातही सर्वेक्षणाच्या दिवशी घरकामाला हात लावणाऱ्या स्त्रिया ८१ टक्के होत्या आणि पुरुष अवघे २६ टक्के. म्हणजे संध्याकाळी कामावरून परतलेल्या पुरुषाला टेबलाशी बसायला मिळणारे तीन तास आकाशातून पडत नाहीत. ते स्वयंपाकघरातून येतात. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या मराठी विज्ञानकथेकडे या नजरेने पाहिले की लक्षात येते, ती बहुतांशी पक्की नोकरी असलेल्या, ठरल्या वेळी घरी येणाऱ्या, शहरी, विवाहित पुरुषांनी लिहिली आहे. ‘यंत्रायणी’सारखी कादंबरी लिहिणाऱ्या शुभदा गोगटे यांचे नाव घेताना आजही अपवाद म्हणून घ्यावे लागते. मेघश्री दळवी यांच्यासारख्या लेखिका पुढे आल्या, तरी या क्षेत्रातल्या बायकांची गणती बोटांवर उरकते. बायकांना विज्ञानात रस नसतो, हे उत्तर कोणी देऊ नये. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत विज्ञान शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या मुली-बायका काही कमी नाहीत.

‘जिला लिहायचेच असते ती लिहितेच’ हा पुढचा युक्तिवाद. दाखला म्हणून बेगम रुकय्या यांचे नाव पुढे केले जाते. १९०५ साली मद्रासच्या एका इंग्रजी मासिकात आलेली त्यांची ‘सुलतानाज ड्रीम’ ही भारतातल्या विज्ञानकथेची एक सुरुवात मानली जाते. तिच्यातल्या देशात पुरुष पडद्यात असतात, आणि बायका सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक करतात, ढगांतून पाणी काढतात. पण ती कथा कशी लिहिली गेली हेही पाहायला हवे. पती डेप्युटी मॅजिस्ट्रेट, ते दौऱ्यावर गेलेले, घरात एकट्या असताना वेळ घालवायला म्हणून त्यांनी ती लिहिली. बायकांना कामाचे तास थोडके असलेला देश त्यांनी कल्पिला, तोही स्वतःला दोन मोकळे दिवस मिळाले तेव्हा. म्हणजे दाखला माझ्याच बाजूचा निघतो. उर्सुला ले ग्विन यांना तीन मुले होती. ती झोपल्यावर त्या लिहायला बसत, आणि आपले लेखन झाले ते इतिहासाचे प्राध्यापक असलेल्या नवऱ्याने घर नि मुले बरोबरीने सांभाळली म्हणून, हे त्यांनी वारंवार सांगितले. जे. जी. बॅलार्ड यांची पत्नी १९६४ साली अकाली गेली. लंडनजवळच्या शेपर्टन गावात त्यांनी तीन मुले एकट्याने वाढवली आणि मुले शाळेत असतील तेवढ्या वेळात लिहिले. दारातली बाबागाडी हा कलेचा मोठा शत्रू, असे त्यांच्याच देशातला एक नामांकित समीक्षक आधी लिहून गेला होता. बॅलार्ड यांना मुलांचा असा अडथळा कधी वाटला नाही. उलट त्यांनीच आपल्याला जगवले, असे त्यांचे म्हणणे होते. पुरुष लेखकांच्या चरित्रांत इस्त्री, डबे आणि शाळेच्या वेळा फारशा सापडत नाहीत. बॅलार्ड यांच्या चरित्रात त्या आहेत, कारण ते काम करायला घरात दुसरे कोणी उरले नव्हते.

मग सरळ पूर्णवेळ लेखक का होऊ नये? याचे उत्तर बाजारात आहे. अमेरिकेसारख्या मोठ्या इंग्रजी बाजारातही फिलिप डिक यांना पोटासाठी उत्तेजक गोळ्या घेऊन एकामागून एक कादंबऱ्या पाडाव्या लागल्या. त्यांच्या कल्पनांवर हॉलिवूडने अमाप पैसा मिळवला, पण तो बहुतेक त्यांच्या पश्चात. मराठीत निरंजन घाटे यांनी आकाशवाणीतली नोकरी सोडून लेखनावर जगून दाखवले, पण त्यासाठी त्यांना दीडशेच्या वर पुस्तके लिहावी लागली. त्यांत विज्ञानकथा आहेत, पण माहितीपर पुस्तके कितीतरी जास्त. नारायण धारप यांच्या विज्ञानकथा त्यांच्या भयकथांच्या ढिगाऱ्याखाली झाकल्या गेल्या, त्यालाही वाचनालयांची मागणीच कारण होती. या दोघांच्या वाचनाला आणि चिकाटीला तोड नाही. पण मराठीत लेखणीवर जगायचे तर खपेल ते लिहावे लागते. एका कल्पनेवर तीन वर्षे घालवायची चैन त्यात बसत नाही. ती चैन पगारच परवडू देतो.

लेखकाला मिळणाऱ्या वेळेचा आकार साहित्याच्या आकारावरही उमटतो. मराठी विज्ञानकथा दिवाळी अंकांनी जगवली. ‘नवल’, ‘धनंजय’ आणि विज्ञानाला वाहिलेल्या काही अंकांचे हे ऋण मान्यच करायला हवे. पण दिवाळी अंक वर्षातून एकदा येतो. उन्हाळ्यात संपादकाचे पत्र येते, पावसाळ्यात कथा जाते, ऑक्टोबर-नोव्हेंबरात छापून येते आणि मानधन आलेच तर नव्या वर्षात. नोकरदाराला चार-पाच रविवार खर्चून एक कथा लिहायला हे वेळापत्रक फार सोयीचे आहे, कादंबरीला अजिबात नाही. मराठीत विज्ञानकथा पुष्कळ नि विज्ञान कादंबऱ्या मोजक्या असण्याचे हे एक मोठे कारण असावे. चीनमध्ये छंगतू शहरातून १९७९पासून विज्ञानकथेचे मासिक निघते, एकेकाळी ते लाखांच्या संख्येने खपत होते आणि लिऊंची कादंबरी त्यातच क्रमशः आली. दर महिन्याला हप्ता द्यायचा आहे आणि त्याचे पैसे मिळणार आहेत, हे माहीत असले की आडगावचा अभियंता कादंबरीला हात घालतो. आपल्याकडच्या अभियंत्यापुढे एक दिवाळी असते.

त्यात आता नोकरीच बदलली. जी अर्धी रिकामी दुपार लिऊंना नि नारळीकरांना मिळाली, ती हिंजवडीतल्या किंवा ऐरोलीतल्या कचेरीत मिळत नाही. संगणकावरची हालचाल नोंदली जाते, कामाचे तास अर्ध्या-अर्ध्या तासाने भरून द्यावे लागतात, रात्री परदेशातल्या ग्राहकाशी बैठक असते आणि घरी आल्यावर फोन बंद ठेवता येत नाही. गंमत अशी, की आज विज्ञानकथा लिहायला सर्वांत लायक माणसे याच इमारतींत बसली आहेत. कृत्रिम बुद्धिमत्ता कशी पोसली जाते, औषधाच्या चाचण्या कशा होतात, दहा मिनिटांत घरी किराणा पोहोचवणाऱ्या मुलाला कोणता आकडा पळवतो, हे त्यांना आतून ठाऊक आहे. घरातून काम करायची सोय झाली तेव्हा प्रवासाचे तास वाचले, पण ते कंपनीने नाही तर घराने खाल्ले, बायकांचे तर विशेषच. आणि परदेशी गेलेल्या मराठी माणसांना तिथे दिवाळी अंक वेळेवर मिळत असेल, पण स्वयंपाकाला नि मुलांना मदतीचा हात मिळतोच असे नाही.

सरकारने यात का पडावे, असे कोणी विचारील. पण सरकार आधीच पडलेले आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देते. योजना चांगली आहे, पण तो पैसा पुस्तक छापण्यासाठी असतो, लिहिण्यासाठी नव्हे. पुस्तक लिहून झालेल्यालाच तो मिळतो, आणि पुस्तक लिहून होणे हीच तर मुख्य अडचण. त्यातलाच काही भाग तीन महिन्यांच्या बिनपगारी रजेची भरपाई म्हणून किंवा पाळणाघराचा नि स्वयंपाकाच्या बाईंचा खर्च म्हणून दहा लेखकांना दिला, तर तिजोरीला ते कळणारही नाही. उधळपट्टीची भीती असेल तर निम्मी रक्कम हस्तलिखित हाती आल्यावर द्यावी. संपादकांनीही कथा मागवतानाच मानधनाचा आकडा कळवावा आणि कथा स्वीकारल्याच्या महिन्यात पैसे द्यावेत. विज्ञान परिषदेची स्पर्धा आजही आहे. तिच्या जोडीला एखाद्या दैनिकाने रविवार पुरवणीत वर्षभर एका विज्ञान कादंबरीला जागा द्यावी आणि पहिली जागा नोकरी करणाऱ्या एखाद्या बाईला द्यावी. त्या वर्षात तिच्या घरातला स्वयंपाक कोण करणार, हे घरच्यांनी आधीच ठरवून टाकावे.